आज बर्फ नाही

क्लास कॅन्सल झाला की लोक चिडत असतील, असं मला या नोकरीआधी वाटायचं. तसं काही नसतं. रविवारी सकाळी मी मेसेज टाकते आणि बहुतेक आईबाप लगेच अंगठ्याचा इमोजी टाकतात, जणू वाटच पाहत होते. कुणी परत झोपतं, कुणी तर्री-पोहे खायला जातं. लोक चिडतात ते वेगळ्याच गोष्टीवर. मुलाला उठवून, आंघोळ घालून, मोजे चढवून झाले आणि मग कळलं, तर चिडतात. रिंकच्या दारापर्यंत येऊन कळलं, तर विचारूच नका. त्यामुळे माझं खरं काम एवढंच, की मोजे चढायच्या आत सांगायचं.

मी एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, बर्फावरच्या स्केटिंग रिंकच्या काउंटरवर बसते. रिंक फार मोठी नाही, लग्नाच्या लहान हॉलएवढी. बाहेर नागपूरचा मे महिना आणि काचेच्या आत बर्फ, हे टिकवायला मागे एक चिलर दिवसरात्र चालतो. व्होल्टेज खालीवर झालं की तो बंद पडतो आणि बर्फावर पाणी यायला लागतं. मग कोच ग्रुपचा क्लास घेत नाहीत. मुलं पडतात, पडली की भिजतात, आणि भिजली की त्यांच्या आया माझ्याकडे येतात.

ही नोकरी मला इंग्रजीमुळे मिळाली. मॅनेजरना इंग्रजीत नोटीस लिहिणारं कुणीतरी हवं होतं आणि लिहिणं मला कधीच जड गेलं नाही. जड जातं ते बोलणं, त्यातही फोनवर. कोराडीच्या वीज केंद्राजवळच्या आमच्या क्वार्टरमध्ये कुणाचा फोन आला की मी अजूनही तो आईकडे देते. शाळेत सगळं इंग्रजी, घरी आईबाबांची वऱ्हाडी. मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले.

मी आले तेव्हा नोटीस कागदावर छापून काचेच्या दाराला चिकटवत. ती वाचणारा माणूस अर्थातच आधीच येऊन पोचलेला असायचा. मग पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. मला वाटलं, सुटले. पण एका रविवारी चिलर बंद पडला आणि त्याच दिवशी बॅचमधल्या एका मुलाचा वाढदिवस निघाला. मी उजाडताच नोटीस टाकली. तिच्यापाठोपाठ केकचे इमोजी आले, फुगे आले, हात जोडलेले आले, कुणाच्या तरी मामाने पाठवलेला नाचणाऱ्या माकडाचा व्हिडिओ आला. माझी नोटीस वर वर जात दिसेनाशी झाली. एका बाईंनी तर नेमकं माझ्या नोटिशीलाच उत्तर दिलं, ‘गॉड ब्लेस यू बेटा’.

त्या दिवशी नागपूरबाहेरच्या खाप्याहून एक आजोबा नातीला घेऊन आले. डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात पिशवी, आणि पिशवीत भर उन्हाळ्यात मुलीचा स्वेटर नि कानटोपी. ते दर रविवारी पहिल्या एसटीने येत. मुलीचे बाबा नोकरीला पुण्यात. ग्रुपमध्ये त्यांचा नंबर होता आणि काही असलं तर ते खाप्याला फोन करून सांगत. त्या सकाळी त्यांनी फोन उघडला, त्यांना केक दिसले, आणि तेही एक केक टाकून मोकळे झाले.

“काहून बंद आहे वं, बाई?” आजोबांनी विचारलं.

मी ग्रुपचं सांगितलं.

“कोन्त्या गुरूपवर?” त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढून काउंटरवर ठेवला. “याच्यात दाखव बरं तुहा गुरूप.”

मी फोन उलटा करून पाहिला आणि तसाच परत दिला.

“हे पाय,” ते म्हणाले, “पोरीले आनाले माह्यं काही नाही. पन अजून एक डाव असं झालं तं बंद करू आपन. एसटीत माह्या गुडघ्यायचा भुगा होऊन राहिला.”

मुलगी काचेला कपाळ टेकवून आत पाहत होती. तिने वळून आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलली काहीच नाही. हे न बोलणं मला चांगलं माहीत आहे. क्लासमध्येही ती ओळीत शेवटी उभी राहते, कुणाशी बोलत नाही. पण कोच म्हणाले की आता मागच्या मागे सरका, तर ती अशी सरकते, जणू कुणी पाठीमागून हलकेच दोरी ओढतंय. बाकीची मुलं हात पसरून, ओरडत, एकमेकांना धरून मागे जातात. बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांचे आईबाप भांडतात. हिच्यासाठी फक्त एक एसटी होती आणि आता तीही जायची होती.

मी आजोबांचा नंबर मागून घेतला.

मॅनेजरना म्हटलं, ग्रुपवर फक्त आपल्यालाच लिहिता येईल असं करू. ते म्हणाले, “नको नको, पॅरेंट्स फोटो टाकतात, फुकटची पब्लिसिटी आहे.” म्हणून मी फक्त सूचनांसाठी दुसरा ग्रुप काढला. त्यावर माझ्याशिवाय कुणालाच लिहिता येत नव्हतं. झालं असं, की दुसऱ्या ग्रुपवर आलेलं खरं आहे का, हे लोक पहिल्या ग्रुपवर विचारायला लागले.

पुढचे काही रविवार चिलर नीट चालला. मी शनिवारपासूनच त्याचा विचार करायचे. मला नोटिशीची भीती नव्हती. फोन करावा लागेल, याची होती.

मे संपता संपता तो रविवार आला. सकाळी शटर उघडलं तेव्हाच तो नेहमीचा घरघर आवाज नव्हता. बर्फावर पाणी चमकत होतं. कोचनी बुटाचं टोक बुडवून पाहिलं आणि मान हलवली. मी दोन्ही ग्रुपवर नोटीस टाकली. अंगठे यायला लागले. मग आजोबांचा नंबर लावला.

पहिल्यांदा नुसता वाजत राहिला. मी मनात वाक्यं पुन्हा जुळवली. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला, मागे बसस्टँडचा गलका होता.

“गुड मॉर्निंग सर, मी आइस स्केटिंग रिंकवरून बोलत आहे. आपल्याला कळवण्यात येते की...”

“नाही पाहिजे मले,” आजोबा म्हणाले. “काल बी एकीनं फोन केला. कार्ड नाही पाहिजे, लोन नाही पाहिजे, काहीच नाही पाहिजे.”

फोन बंद.

कोच पोह्यांची पुडी उघडत होते. ते हसायला लागले. “अगं, तू एकदम बँकेवाली वाटून राहिली. मीपण ठेवला असता.”

“मग तुम्ही करा ना, सर.”

“माझा उचलतील? आता तर अजिबातच नाही उचलणार. तुझ्या नंबरावरून कर, निदान शिव्या द्यायला तरी उचलतील.”

एसटी कधीही निघाली असती. एकदा निघाली की आजोबा इथे दाराशी, मुलगी काचेशी, आणि मग पुढचा रविवार नाही. मी तिसऱ्यांदा नंबर लावला.

“पुन्हा तूच काय वं? तुले दुसरं काम नाही का?”

“आहे, पण तुम्ही ऐकूनच नाही राहिले!” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. “फोन नका ठेवू, आजोबा. मी बर्फावाली पोरगी. काउंटरवर बसते ती. तुमच्या नातीचा क्लास नाही आज. बर्फाचं पाणी झालं इथं. गाडीत बसू नका.”

आईशी भांडताना मी असं बोलते. बाहेरच्या माणसाशी कधीच बोलले नव्हते. कोचनी चमचा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

पलीकडे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

“मंग आधीच सांगाचं ना वं, बर्फावाली म्हणून!” आजोबा ओरडले. मग फोन तोंडापासून दूर गेला. “ओ कंडक्टर! थांबा गा, उतरून राहिलो आमी. नाही नाही, बर्फच नाही आज. बर्फ, बर्फ! जाऊ द्या, तुमाले नाही समजत.”

पायऱ्यांचा, पिशवीचा, कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. मग दाराचा दणका आणि गाडी निघाल्याचा आवाज. त्या गाडीत ते नव्हते. मी काउंटरमागच्या स्टुलावर बसले तेव्हा कळलं, की मी इतका वेळ उभी होते.

“बरं झालं सांगतलं,” आजोबा आता सावकाश बोलत होते. “आज गुडघा रात्रीपासूनच ठनकून राहिला होता. पन हिले कोन सांगन? स्वेटर घालून बसली पहाटेपासून.” मग जरा थांबून, “हिचा इश्वास नाही बसून राहिला. म्हनते, तुमीच न्याचं नाही म्हनून सांगता. घे, तूच सांग तिले.”

फोन मुलीकडे गेला. मला तिचा श्वास ऐकू येत होता, तिलाही माझा येत असणार. आजोबा मागून म्हणत होते, बोल ना वं, मुकी झाली काय.

“खरंच पाणी झालंय,” मी म्हणाले. “सगळ्यांचाच क्लास कॅन्सल आहे. एकट्या तुझा नाही.”

“मग पुढच्या रविवारी आहे?” तिने विचारलं. तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. होता तसा बारीकच.

“आहे. नसला तर मी फोन करीन. गाडी सुटायच्या आधी.”

मग तिने फोन बाजूला केला आणि आजोबांना म्हणाली, “आहे म्हणतात. येऊ ना आपण?”

“येऊ ना,” आजोबा म्हणाले. “तिनं फोन केला तं मंग काहून नाही येनार? तो स्वेटर काढ आता, घाम फुटून राहिला तुले.”

फोन तसाच चालू राहिला, बहुधा कुठलं बटण दाबायचं ते लक्षात आलं नसावं. ती दोघं बोलत बोलत स्टँडवरून घराकडे निघालेली मला ऐकू येत होती. आजोबा रस्त्यात काहीतरी खायचं ठरवत होते आणि ती नको म्हणत होती, मग हो म्हणाली. मीही फोन लगेच ठेवला नाही.