मागचा स्क्रू

परवा दवाखान्यात नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टोचायच्या आधीच मला आप्पा आठवले.

आप्पा म्हणजे माझे वडील. शिरड शहापूरला ते फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. रिकाम्या वेळात त्यांनी हातभर लांबीचं रेल्वेचं इंजिन केलं होतं, स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवून खऱ्याखुऱ्या वाफेवर चालणारं. नोकरीसाठी मी पुण्याला निघणार, त्याच्या आदल्या दुपारी ते तांब्याचा बॉयलर सांगाड्यावर बसवत होते. दुकानभर स्पिरिटचा आणि गरम तेलाचा वास होता. बॉयलरचे सांधे कथलाने टिकणार नाहीत म्हणून त्यांनी चांदी वितळवून जोडले होते. आता पुढचा स्क्रू त्यांनी कचकचून आवळला. मागे मात्र बॉयलर नुसता टेकवून ठेवला.

"मागून बी आवळा की, आप्पा. निसटंल ना."

"न्हाई. तापलं की तांबं वाढतंय. दोन्हीकडून आवळलं तर वाकून जाईल. त्याला सरकायला जागा ठेवावी लागती."

"अन् पार निघूनच गेलं तर?"

ते हसले नाहीत. पुढच्या स्क्रूवर अंगठा दाबून म्हणाले, "इकडून धरलंय ना मी."

तेव्हा मला वाटलं, ते इंजिनाचंच बोलताहेत.

दवाखान्यातून आल्यावर मी फळीवरचं इंजिन खाली काढलं; आप्पा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. पुढचा स्क्रू अजून घट्ट आहे. त्यावर मी अंगठा दाबून धरला. सरकायला आता वाटेल तितकी जागा आहे, आप्पा. तिकडून धरणारंच कुणी नाही.