चीनच्या बाजूचे मृत्युंजयअण्णा

शुक्रवार पेठेतले मृत्युंजयअण्णा म्हातारपणी चीनला जाऊन मिळाले, असं गल्लीत बोललं जायचं. बोलणाऱ्याचं काय जातं? रिकाम्या पोत्यांचा धंदा मुलाच्या हवाली करून बसलेले अण्णा रोज सकाळी कट्ट्यावर धाकट्या भावाला, श्रीशैलला, चिनी लढाऊ विमानांचं रडार किती भारी ते घसा ताणून सांगायचे आणि श्रीशैल ते तितक्याच त्वेषानं खोडून काढायचा.

खरं तर अण्णांना विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण श्रीशैलची बायको धनलक्ष्मी गेली आणि त्याची वाचाच बसली. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. एकदा बातम्यांत कुणीतरी चिनी विमानाचं कौतुक केलं, तेव्हा मात्र तो ताडकन म्हणाला, "थापा हायत सगळ्या!" कित्येक महिन्यांनी भावाचा आवाज ऐकून अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच त्यांनी चीनची बाजू घेतली.

तेव्हापासून दुपारची झोप गेली. मोबाइलवर व्हिडिओ बघून डोळे चुरचुरायचे, नावं तर लक्षातच राहायची नाहीत. बायको, शिवलीला, म्हणायची, "या वयात परीक्षा हाय का तुमची?" होतीच की. नवा मुद्दा नसला की श्रीशैल गप्प बसायचा आणि त्या गप्प बसण्याचीच अण्णांना धास्ती होती. पण माणसानं दुसऱ्यासाठी भांडायचं तरी किती? अण्णा आता पार थकले होते.

त्या सकाळीही त्यांनी सुरुवात केली. "त्यांच्या त्या जे-ट्वेंटी विमानाला आपलं विमान लई लांबनं दिसतंय."

"रडार लावलं की आपुन कुटं हाय ते दुश्मनाला सांगितल्यासारखंच की, अण्णा."

"त्ये जुन्या रडारचं. ह्ये सारखं लहरी बदलतंय. सापडत न्हाय."

"आणि लांबनं म्हंजे किती? कुणी मोजलंय? चीननं सांगायचं आणि तुमी मानायचं!"

याचं उत्तर अण्णांनी कालच पाठ केलं होतं. ऐन वेळी आठवेना. "दिसतंय म्हंजे दिसतंय!" ते नुसतेच ओरडले.

एरवी श्रीशैल तुटून पडला असता. आज तो भावाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत राहिला.

"आसंल. तुमचंच खरं, अण्णा. तुमी जिंकला. आता दमू नका," म्हणत तो उठला.

रोज हरायला अण्णा तयार होते, हे जिंकणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी श्रीशैलचा हात धरून त्याला खाली बसवलं. "माझं कसं खरं? मला काय कळतंय त्यातलं? बस तू हितं. भांड माझ्याशी!"

श्रीशैल बसला. मग हळूच म्हणाला, "धना असती तर म्हणली असती, दोघंबी येडी हायत."

अण्णांनी त्या दिवशी पुन्हा विमानाचा विषय काढला नाही. ती गेल्यापासून तिचं नाव श्रीशैलच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं.