गढीच्या भिंतीतली जाती

गढीतल्या दगडांबाबत सरपंचाने मला फसवलं. पाचोऱ्याच्या बाजारात ज्याच्याशी घासाघीस करायला लोक कचरतात, त्या मला.

सौदा साधा होता. गावाची जुनी गढी ढासळत चालली होती. तिची पांढरी माती माझे ट्रॅक्टर खत म्हणून शेतांत नेणार आणि आत निघतील ते दगड माझ्या नावाने देवळाशेजारी राहणार. सरपंच चारचौघांत म्हणाला, "दगड तुमचे, भाऊ. कुणी हात लावणार नाही."

पूर्वेच्या भिंतीत एका जागी नुसती दळायची जाती निघाली. तोफेने पडलेलं खिंडार असावं. ते घरोघरच्या जात्यांनी बुजवलेलं. पायथ्याशी दगडी गोळेही सापडले. मी आईला बोलावलं. आयुष्यभर दळलेली बाई. तिने एका जात्यावर बोटं फिरवली. जातं टोचताना पडलेले टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव अजून हाताला लागत होते.

"हाई जातं कोन्ही फेकेल नही," ती म्हणाली. "नुकतीच टाकी लायेल शे. चालता घरमाईन उचली लयेल शे."

मला वेढ्याचा तो दिवस दिसला: बाहेर फौज, आत किल्लेदाराची माणसं दारोदार जाती उचलताहेत. त्या संध्याकाळी बायकांनी कशावर दळलं असेल?

जात्याच्या तोंडाला कुणाचा पाय लागू नये म्हणून आईने सगळी पालथी ठेवायला लावली. मी ठेवली. तिथेच चुकलं. पालथं जातं म्हणजे वरून नुसता गोल दगड; ते जातं आहे हे कुणाला कळणार?

मी दोन दिवस धुळ्याला गेलो. परतलो तेव्हा देवळाशेजारी फक्त चाकांचे माग होते. जेसीबीवाला म्हणाला, "माले बठ्ठं उचलाले सांगेल शे, भाऊ. माले काय माहीत?" सरपंचाच्या सांगण्यावरून सगळी जाती फोडून नव्या रस्त्याच्या तळाला गेली होती.

सरपंचाच्या ओट्यावर जाऊन मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

"रस्त्याला दगड कमी पडत होता, भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "गावाच्याच कामी आला ना?"

किल्लेदारही त्या बायकांना हेच म्हणाला असेल. रस्त्यावरून रोलर फिरला होता. आता काय मागणार आणि काय सोडणार?

आई रोज विचारते, जाती परत कधी आणतोस. मी विषय बदलतो; फोडल्याचं तिला सांगितलेलं नाही.

त्या बायकांना तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही. सरपंचाने माझ्या आईला द्यावं. तिच्यासमोर बसावं आणि कुणाला विचारून उचलली, ते सांगावं.