विमानाचे सभासद

पुणे जिल्ह्यात विमानात बसलेली माणसं पुष्कळ असतील, पण विमान कंपनी आपली आहे आणि तिच्या कारभारात आपला शब्द चालला पाहिजे, असं मनापासून मानणारा माणूस एकच झाला. ते म्हणजे आमच्या वहिनींचे मामा. वहिनींचे म्हणून आमचे, आणि पुढे अख्ख्या शिरूरचेच मामा. राहणार निमोण्याचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. मामांनी विहीर पाडली, ऊस लावला, आणि ऊस लागल्याबरोबर ते साखर कारखान्याचे सभासद झाले. त्या दिवशी माणूस जो बिघडला तो कायमचा. दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, जिथे म्हणून सभासद होता येईल तिथे मामा सभासद. वार्षिक सभेला पहिल्या रांगेत बसायचं, आणि सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणून चहाकडे वळले की एकट्यानं उभं राहायचं. "थांबा. माझी हरकत हाय." हरकत कशाला, हे बऱ्याचदा उठल्यावर ठरायचं. एकदा तर त्यांनी श्रद्धांजलीच्या ठरावालाच हरकत घेतली. म्हणाले, हा माणूस मला परवा तळेगावच्या बाजारात भेटला होता. लोक हसले, पण चौकशी केली तर माणूस खरंच जिवंत निघाला. तेव्हापासून मामांच्या हरकतीला कुणी उघडपणे हसत नसे.

असा माणूस विमानात कसा गेला, त्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. मामांना एकच मुलगी. जावई रांजणगावच्या एका कारखान्यात होता, त्याची बदली चेन्नईला झाली. तिथे मुलीला बाळ झालं आणि दोन महिन्यांतच गेलं. नवरा पाळीवर, शेजारपाजारची भाषा कळेना, पोरगी दार लावून भिंतीकडे बघत बसायला लागली. इकडे निमोण्यात मामींना अर्धांगवायू झालेला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. रात्रीतून तीन-चार वेळा कूस बदलावी लागे आणि ते काम मामा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. शेजारची काकी दिवसभर मामींजवळ बसायला तयार होती, पण रात्र मामांचीच. दौंडहून गाडीनं चेन्नईला जायचं म्हणजे जाता-येता दोन-तीन रात्री मोडणार. लेक तिकडे, बायको इकडे, आणि माणूस एक.

नेमक्या त्याच सुमाराला ते स्वस्तातलं विमान सुरू झालं. पुण्याहून सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. मी शिरूरला शाळेत मास्तर, कॉम्प्युटरवर तिकीट काढता येणारा त्यांच्या ओळखीतला एकमेव माणूस. महिन्यातल्या एका मंगळवारी मामा पहाटे जीपनं निघायचे, दुपारी लेकीच्या हातची आमटी खायचे आणि मामींची कूस बदलायच्या वेळेला निमोण्यात हजर असायचे. जाताना पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, मेथीच्या दोन जुड्या. तपासणीवाल्यानं पहिल्या खेपेला पिठाची पिशवी उघडून संशयानं बघितलं, तर मामा म्हणाले, "पीठ हाय. घ्या चिमूटभर त्वांडात." त्यानं घेतलं की नाही ते माहीत नाही, पण मामा शपथेवर सांगत की घेतलं.

विमानात चढणारी माणसं ते मोजून घेत. मेंढरं राखणाऱ्याच्या घरातली ही खोड रक्तातच असावी. उतरतानाही मोजायचे. एकदा चेन्नईला एक माणूस कमी भरला, तर मामा दारात अडून बसले. तो गृहस्थ शौचालयातून बाहेर आल्यावरच ते हलले, वर त्यालाच रागावले, "सांगून जावं मानसानं." एकदा त्यांनी हवाई सुंदरीला थांबवून रीतसर ठराव मांडला, की हे विमान जाताना निमोण्यावरनं न्यावं. सूचक ते स्वतः, अनुमोदक शेजारच्या खुर्चीतले एक तमिळ गृहस्थ, ज्यांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं, पण मामांनी हात वर केल्यावर त्यांनीही केला. कारण विचारलं तेव्हा मामा मला म्हणाले, "मंगळवारी काकी हिची बाज अंगणात आनून टाकती. वरनं गेलो तर दिसंल तिला."

तिकिटांच्या उरलेल्या तुकड्यांची त्यांनी एक फाइल केली होती. कारखान्याचे शेअर जसे प्लॅस्टिकच्या पाकिटात, तसेच हे. किती समजावलं तरी पटेना. "आम्ही ऊस घातला म्हनून कारखाना उभा ऱ्हायला. आम्ही बसलो म्हनून इमान उडतंय. मग आम्ही कोन?"

आणि मग पेपरात बातमी आली, की ही छोटी कंपनी तिची थोरली मूळ कंपनी स्वतःत सामावून घेणार. मामांनी बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "म्हंजी आईनं लेकीला गिळलं," ते म्हणाले. "आन् सभा कवा झाली? मला नोटीस न्हाई आली." मी म्हटलं, मामा, यात तुम्हाला नोटीस येत नसते. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू मीच ती मध्ये दाबून ठेवली होती.

त्यांनी मला कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात नेलंच. तिथे आधीच गर्दी होती. टाय लावलेला एक इंजिनिअर खुशीत होता, आता विमानात जेवण मिळेल म्हणून. एक बाई तावातावानं भांडत होती, की सुट्टीत माहेरी जायचं ते आता जमणार नाही. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, चार वर्षं स्वस्तात हिंडलो, तेवढं नशिबात होतं. या सगळ्यांतून वाट काढत मामा काउंटरपाशी गेले आणि फाइल ठेवून म्हणाले, "इलीनीकरनाला माझी हरकत हाय. लिहून घ्या."

काउंटरवरची मुलगी मराठीच होती. तिनं फाइल चाळली. "आजोबा, तुम्ही प्रवासी आहात. सभासद नाही."

"सकाळचं इमान ऱ्हाणार का?"

"नाही. आता फक्त दुपारचं. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत."

मामा काउंटरवर जरा वाकले. मग हळूच म्हणाले, "पोरी, तुला तरी इचारलं का गं कुनी?"

ती आधी हसली. मग तिचा चेहरा बदलला. "नाही आजोबा. पुढच्या महिन्यात मी इथे असेन का, तेही माहीत नाही."

मामांनी फाइल उचलली. त्यांची हरकत अशी निमूट मागे गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर आठ महिने ते चेन्नईला गेले नाहीत. पहिले काही दिवस पोरगी फोनवर म्हणायची, "या ना आप्पा." मग म्हणेनाशी झाली. "इचारत होती तवा बरं होतं गुरुजी," मामा मला म्हणाले. "आता नुसतं व्हय, न्हाई म्हनती. मला भ्याव वाटतंय."

तोड शेवटी मामींनी काढली. एके दिवशी त्यांनी मामांच्या हातचा घास घ्यायचं बंद केलं. डावा हात फोनकडे करायच्या आणि तोंड फिरवायच्या. मामांना दोन दिवस लागले कळायला. बोलता न येणाऱ्या बाईनं एवढंच सांगितलं होतं, की तुम्हाला मला सोडून जाता येत नाही ना, मग मलाच न्या.

दौंडच्या फलाटावर मी आणि त्यांचे दोन शेजारी मामींना खुर्चीत बसवून डब्यापर्यंत घेऊन गेलो. गाडी थांबते थोडाच वेळ. खालच्या बर्थवर त्यांना निजवलं, मामांनी पायांवर घोंगडी टाकली, आणि गाडी हलली तेव्हा उतरायच्या घाईत आम्हाला नीट निरोपही घेता आला नाही.

महिन्यानं मामा एकटेच परत आले. मामी लेकीजवळ राहिल्या. जावयाच्या दोन खोल्यांत चौथ्या माणसाला पाय पसरायला जागा नव्हती, आणि इकडे ऊस होता, दोन गाई होत्या. पोरगी आता आईला अंघोळ घालते, भरवते, रात्री उठून कूस बदलते. औषधाला म्हणून खाली उतरते, दूधवालीशी मोडकंतोडकं तमिळ बोलते. "दोघींचं बरं चाललंय," मामा म्हणाले. मी त्यांना तुमचं कसं, असं विचारलं नाही.

मागे एका रविवारी संध्याकाळी मी निमोण्याला गेलो होतो. घर झाडलेलं, भांडी जागच्या जागी, आणि खुंटीवर मामींचं एक लुगडं घडी करून अडकवलेलं. सातच्या सुमाराला फोन वाजला. मामांनी रिसीव्हर कानाला लावला आणि एकटेच बोलायला लागले. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. काकीच्या नातवाला सोयरीक आली. कांदा भिजवला. गुरुजी आलेत, चहा केला, साखर जरा जास्तीच पडली. मग ते गप्प झाले, पण फोन ठेवीनात.

"मामी काय म्हणतात?" मी विचारलं.

"ती कुठं बोलती? माझं झाल्यावर पोरगी थोडा येळ फोन तिच्या कानाला तसाच धरून ऱ्हाती." त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाशी आणला. "ऐका. श्वास येतो ऐकू. येतोय न्हवं?"

मला नुसती तारेतली खरखर ऐकू येत होती.

"येतोय मामा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, रिसीव्हर परत घेतला आणि डोळे मिटून ऐकत बसले.