अण्णांच्या हातांना सुंठ

आज सुंठ कुटताना तिच्या वासानं भूकंपानंतरचा लातूरचा दवाखाना आठवला. ढिगाऱ्यात चेंगरलेल्या पायाची जखम चिघळून वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, रक्तात जंतू पसरले होते. घसरणारं बीपी सावरायला सलाईनमधून औषध चालू होतं. बोटं गार लागली म्हणून आई त्यांच्या हातांना सुंठ चोळत होती.

“औषधानंच गार पडलीत, मावशी. रक्त काळजाकडं वळवून राहिलंय ते,” सिस्टर म्हणाली.

“वळवू दे. मी माझं करते,” आई म्हणाली.

अण्णांनी डोळे उघडले. “अगं, ती सुंठ च्यात घाल की!”

आई खळखळून हसली. आम्हाला वाटलं, वाचले. संध्याकाळी अण्णा गेले.

औषध हरलं, असं मी कितीतरी वर्षं म्हणायचो. आता वाटतं, अण्णांना तेवढा वेळ तगवून आईचं ते हसू त्यानंच मिळवून दिलं.