सरजूबाईंचा मारवा आणि मी

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला वाचतो. भूत, अंगात येणं, मागचा जन्म – कशावरही माझा विश्वास नव्हता. गप्पांमध्ये कुणी असं काही रंगवून सांगायला लागलं की "पुरावा काय?" असं विचारून मजा घालवणारा माणूस मीच. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय, हे माझ्या बायकोला कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली.

मी गोंदियाचा. बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवरच्या लॅपटॉपवर आपल्या मराठीतल्या ऑनलाइन ज्ञानकोशात काम करतो. हे सगळं फुकटचं काम – कुणीही लेख लिहावा, कुणीही सुधारावा. आमचा एक छोटा गट शास्त्रीय संगीतातल्या कलाकारांवर लेख तयार करतो. त्यात वैशालीताई रहांगडाले आहेत, इथल्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवतात, स्वतः उत्तम गातात. दुसरे सोलापूरचे कुलकर्णीकाका – जुन्या ध्वनिमुद्रिका आणि टेप जमवणारे. त्यांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही. आणि तिसरा मी. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. राष्ट्रगीत म्हणतानासुद्धा शेजारचा माणूस माझ्याकडे वळून बघतो. माझं काम शुद्धलेखन आणि संदर्भ. लेखातलं प्रत्येक वाक्य कुठून आलं, ते शोधून खाली लावायचं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सरजूबाई तिरोडेकरांवरचा लेख हाती घेतला. बाई मूळच्या तिरोड्याच्या. एकेकाळी नागपूरपासून जबलपूरपर्यंत गायल्या, आणि नंतर लोक त्यांना साफ विसरले. शेवटची वर्षं त्या भावाकडे मुर्रीला राहिल्या आणि माझ्या जन्माच्या आधीच गेल्या. लेख टाकला आणि चारच दिवसांत एका अनुभवी संपादकांनी त्यावर सूचना लावली – पुरेसे संदर्भ नाहीत, लेख वगळावा का यावर चर्चा करा. त्यांचं चुकलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण वैशालीताईंना ते फार लागलं. त्यांच्या गुरूंनी लहानपणी सरजूबाईंना ऐकलं होतं. बाईंनी स्वतः बांधलेली मारवा रागातली एक बंदिश होती, ती पुन्हा कुणाला ऐकायला मिळाली नाही, असं ते शेवटपर्यंत म्हणायचे.

मुर्रीला सरजूबाईंची भाची राहते असं कळलं. सुमनबाई. रविवारी दुपारी वैशालीताई आणि मी स्कूटरने गेलो. मुर्री म्हणजे गोंदियाला लागूनच, वीसेक मिनिटांत पोचलो. लेखासाठी एखादा फोटो मिळाला तर हवा होता, आणि आठवणी रेकॉर्ड करायच्या होत्या.

धानाची मळणी सुरू होती. अंगणभर धान पसरलेलं, गल्लीतून ट्रॅक्टर ये-जा करत होते. सुमनबाई ऐंशीच्या आसपासच्या, पण आवाज खणखणीत. आम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि आधी आमचीच उलटतपासणी घेतली. आत्याबद्दल आता काऊन विचारून राहिले, ती जिवंत होती तेव्हा कोणी आलं नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. वैशालीताईंनी गुरूंची आठवण सांगितली तेव्हा कुठे त्या जरा निवळल्या. फोटो होता – तंबोऱ्याशेजारी बसलेल्या, नाकात मोठी नथ, थोड्या रागावलेल्या सरजूबाई. मी मोबाइलने त्याचा फोटो घेतला. वैशालीताईंनी त्यांचा मोबाइल रेकॉर्डिंग सुरू करून खाटेवर ठेवून दिला.

बंदिशीचं विचारल्यावर सुमनबाई म्हणाल्या, दिवेलागणीला आत्या तेच म्हणायची. आणि त्यांनी एकच ओळ म्हटली – "बैनगंगा तट ठाढी नैया..."

वैशालीताई सरसावून बसल्या. त्यांनी ती ओळ उचलली, दोनदा गाऊन सूर नीट लावला. मारवाच आहे, त्या म्हणाल्या.

"पुढे, मावशी?"

"पुढचं नाही येत बापा. इसरली मी. लय वर्सं झाली."

त्यांना आठवावं म्हणून वैशालीताई पुन्हा पुन्हा तीच ओळ गात राहिल्या. मी समोर धानावर उतरलेल्या चिमण्या बघत होतो. एवढं मला पक्कं आठवतं.

त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम हे – सुमनबाई माझ्यापुढे उभ्या आहेत आणि त्यांनी माझी हनुवटी धरली आहे. मधलं काही नाही. चक्कर नाही, घाम नाही, अंगावर काटा नाही. मागून कुणी नावाने हाक मारावी आणि विचार करायच्या आत आपण "ओ" द्यावी, तसं काहीतरी झालं असावं.

"हेच," सुमनबाई म्हणाल्या. "आत्याचं हेच होतं. तुले कोनं शिकवलन, बाबू?"

मी वैशालीताईंकडे बघितलं. त्यांचा हात मांडीवर ताल धरल्यासारखा तसाच अधांतरी थांबला होता. त्यांनी मोबाइल उचलला, रेकॉर्डिंग थांबवलं, आणि लावून दाखवलं.

मंडळी, तो आवाज माझाच होता. जाडाभरडा, सर्दी झाल्यासारखा, रोज दुकानात "नंबर वाढला तुमचा" म्हणणारा. पण तो गात होता. वैशालीताईंची ओळ संपते तिथे न अडखळता त्याने पुढची ओळ उचलली होती – "सांझ भई अब पार उतारो..." त्यानंतर मध्येच बोलल्यासारखं, थोडं हसून – "भैया, थोडा ठहरो." मग तीच ओळ पुन्हा, आणि तिच्यानंतर आणखी एक – "उस तट कोई बारत दीया..." म्हणजे पलीकडच्या काठावर कुणी दिवा लावतंय. तिथे मी थांबलो होतो.

पायाखालची जमीन सरकणं वगैरे म्हणतात ना, तसं काही मला झालं नाही. मला नाचावंसं वाटलं. खरंच. वैशालीताई मात्र घाबरल्या होत्या. मारव्याचा रिषभ, म्हणजे त्यातला 'रे', नीट लागायला त्यांची कित्येक वर्षं गेली होती, आणि मी तो चहा पिता पिता लावला होता.

परत दुकानात पोचल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. लहानपणी कुठे ऐकलं, घरात कुणी गायचं का, शेजारी कोण होते. मला स्वतःलाही तेच हवं होतं. मी आईला फोन केला. वडील राइस मिलमध्ये होते, घरात रेडिओवर बातम्या आणि सिनेमाची गाणी, यापलीकडे काही नव्हतं. आईला सरजूबाईंचं नावही माहीत नव्हतं. इंटरनेट पालथं घातलं, जुन्या बंदिशींचे संग्रह चाळले. या शब्दांची बंदिश कुठेच नव्हती.

"आणि भैया कोणाला म्हणालास?" वैशालीताईंनी विचारलं. "तिथे तर मी होते अन् मावशी."

गल्लीतल्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणालो असेन, असं मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, निदान शब्द तरी लेखात टाकून दे. मी नाही म्हटलं. संदर्भ म्हणून काय लिहायचं, माझा गळा? त्यावर दोघंही खूप हसलो, आणि त्या हसण्यामुळे त्यांची भीती जरा कमी झाली. हे रेकॉर्डिंग कुणालाच ऐकवायचं नाही असं ठरलं. कुलकर्णीकाकांनाही नाही. ते म्हणाले असते, पोरांनो, थट्टा करता का.

इकडे लेखावरची चर्चा आमच्या विरोधात चालली होती. कुलकर्णीकाकांनी मात्र जिद्द सोडली नाही. ते जुनी संगीतविषयक मासिकं धुंडाळत होते, ओळखीच्या सगळ्या संग्राहकांना विचारत होते.

एके दिवशी सकाळी मी एका आजोबांची नजर तपासत होतो, तेवढ्यात काकांचा मेसेज आला. जबलपूरच्या एका डॉक्टरांच्या घरी स्पूलची जुनी टेप सापडली होती. त्यांच्याकडच्या खासगी मैफलीतलं गाणं. ती वाजवायचं मशीन त्या घरात कुणाच्या आठवणीत नव्हतं, टेप कपाटात तशीच पडून होती. त्यांनी ती काकांकडे पाठवली, काकांनी आपल्या मशीनवर लावून तिची फाइल केली, आणि पहिल्यांदा आम्हालाच पाठवली. खाली लिहिलं होतं – सरजूबाई, मारवा.

त्या आजोबांना मी दोनदा एकच काच दाखवली. ते बिचारे म्हणत होते, दोन्हीत फरक नाही वाटून राहिला. त्यांना कसंबसं मोकळं करून वैशालीताईंना फोन लावला. त्या मधल्या सुट्टीत धावत आल्या. नजर तपासायच्या त्या खोलीत, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर, आम्ही फाइल लावली.

खरखर. तंबोरा. मग बाईंचा आवाज – रुंद, अजिबात घाई नसलेला. "बैनगंगा तट ठाढी नैया..." वैशालीताईंनी माझं मनगट धरलं. बाई मुखड्याशी खेळत राहिल्या, तबला हळूहळू चढत गेला. मग अंतरा आला. "सांझ भई अब पार उतारो..." शब्दाला शब्द, आणि वैशालीताई पुटपुटल्या त्याप्रमाणे सुराला सूर. तबलजी रंगात येऊन पुढे धावला होता. आणि तिथे बाई गाणं मध्येच थांबवून, हसून म्हणाल्या –

"भैया, थोडा ठहरो."

वैशालीताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. टेपवर बाईंनी तीच ओळ पुन्हा घेतली, आणि ओळ संपता संपता कर्र असा आवाज होऊन टेप संपली.

मी फाइल पुन्हा लावायला हात पुढे केला, तेव्हा वैशालीताई म्हणाल्या, "थांब. तू तर याच्या पुढे गेला होतास."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी मोबाइल काढून माझं रेकॉर्डिंग लावलं. मुखडा, अंतऱ्याची ओळ, थोडा ठहरो, पुन्हा ओळ... आणि पुढे "उस तट कोई बारत दीया." टेपवर ती ओळ नव्हतीच. तिच्या आधीच टेप संपली होती.

त्या दिवशी मी काही दुकान चालवू शकलो नाही. शटर अर्धं ओढून नुसता रस्त्याकडे बघत बसलो. दिसेल त्याला थांबवून हे सांगावंसं वाटत होतं.

लेखाचं म्हणाल तर तो राहिला. काकांना जुन्या मासिकांत बाईंच्या मैफलींवरचे लेख मिळाले, डॉक्टरांच्या कुटुंबाने टेप वापरायला परवानगी दिली, आणि सूचना लावणाऱ्या संपादकांनी स्वतःच ती काढली. वर सरजूबाईंचा रागावलेला फोटो आहे. बंदिशीच्या टेपवर आहेत तेवढ्याच ओळी दिल्या आहेत. माझा एक मित्र मेंदूचा डॉक्टर आहे. त्याने सगळं ऐकून सांगितलं, लहानपणी कुठेतरी कानावर पडलं असेल, माणसाला आठवत नाही पण आत राहतं. मी विचारलं, कपाटातून कधी बाहेर न आलेली टेप? आणि टेपवर नसलेली ओळ? त्यावर त्याने विषय बदलला.

टेप ऐकवायला आम्ही पुन्हा मुर्रीला गेलो. सुमनबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. वैशालीताईंनी मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. आत्याचा आवाज सुरू झाला तसं त्यांनी सूप खाली ठेवलं. "थोडा ठहरो" आलं तेव्हा त्या खुदकन हसल्या, म्हणाल्या, आत्याले घाई चालतच नोती. मग टेप संपली.

"पुढचं काऊन बंद केलन?"

वैशालीताईंनी सांगितलं की टेप एवढीच आहे. आणि मग त्यांनी उरलेली ओळ स्वतः गायली, माझ्या रेकॉर्डिंगवरून शिकलेली. एकदा गायली, दुसऱ्यांदा गायला लागल्या तेव्हा सुमनबाईंचा आवाज त्यात मिसळला. पुढचं विसरले म्हणणाऱ्या सुमनबाई डोळे मिटून शेवटपर्यंत बरोबर म्हणत होत्या. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. मला त्यातलं काहीही येत नव्हतं.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पुन्हा विचारणार – कोणी शिकवलं. म्हणून मी आधीच सांगून टाकलं की मावशी, खरंच मला माहीत नाही, मी खूप शोधलं.

त्यांनी ते ऐकल्यासारखंही केलं नाही. माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "तवा तुले काही तकलीफ त नाही ना झाली, गा?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "काहीच नाही."

"मंग बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सूप उचललं.

याहून जास्त मलाही काही सांगता येत नाही. कसं झालं, माझ्याच गळ्यात का आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्याकडेही नाही. पण त्या अंगणात ते घडलं. आम्ही तिघंही तिथे होतो.