साहेबांच्या पाठीमागची भिंत

शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर नाव आखूड, पदव्या लांब. एम.ए., एम.एड., पीएच.डी. सगळ्या वाचून मगच मी आत शिरलो. परमुलखात लेकीला शाळेत घालायची होती आणि जुन्या शाळेचा दाखला गावीच राहिलेला.

"दाखल्याशिवाय जमायचं नाही," साहेब म्हणाले.

"पण साहेब, तुमच्या मागं लिहिलंय."

खुर्चीमागच्या भिंतीवर ठळक रंगवलं होतं, दाखला नाही म्हणून कुणाचा प्रवेश अडवू नये. साहेबांनी मान वळवून ते पहिल्यांदाच वाचलं. माझ्या अर्जावर सही करताना गुरकावले, "शिकलायस किती?"

"चौथी."

पदव्या कसल्या, सण सरल्यावरही दारावर लटकलेली सुकी तोरणं ती! मला अक्षरं शिकवणाऱ्या गावच्या बाईंना मी तिथूनच हात जोडले. साहेबांना वाटलं, त्यांनाच जोडले.